कुटलेली बारूद आणि डब्यातली बारूद

आमच्या घरात तेव्हा दोन पक्ष होते. बाबा कुटलेल्या बारुदीच्या बाजूचे आणि आई डब्यातलीच्या. इतर मराठी घरांत सुट्टीला गावी कधी जायचं, आंबे कुणाबरोबर मागवायचे यावरून वाद होत असतील. आमच्याकडे खालच्या मजल्यावरच्या घरमालकाने आपल्या बंदुकीत काय ठासावं यावरून वाद होत आणि ताटातलं जेवण थंड होई. त्या बंदुकीशी आमचा काडीचा संबंध नव्हता. पण संबंध नसलेल्या गोष्टीत जीव अडकवून घ्यायचा ही आमच्या घराण्याची खोडच आहे, आणि ती माझ्यापर्यंत व्यवस्थित पोचली आहे.

आम्ही ताइफला राहत होतो. सौदी म्हटलं की लोकांना नुसती वाळू दिसते, पण ताइफ डोंगरावरचं गाव. संध्याकाळी स्वेटर लागायचा, उन्हाळ्यात रस्त्याकडेला निवडुंगाची गोड फळं सोलून मिळायची, आणि घाटात माकडांच्या टोळ्या गाड्या अडवून बसायच्या. बाबा लांज्याकडचे. ते त्या माकडांकडे पाहून म्हणायचे, "बघा, पोट भरायला एवढ्या लांब आलो, आणि ही आमच्या आधी हजर." आई सरकारी हॉस्पिटलात भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डात सिस्टर होती, बाबा तिथेच एक्स-रे काढायचे. मी एकुलती एक. खाली घरमालक अबू मिस्फर, त्यांची बायको उम्म मिस्फर आणि माझ्याच वयाची त्यांची मुलगी नूरा. मोठा मुलगा मिस्फर, ज्याच्या नावाने तिकडे आईबापांना हाक मारतात, जेद्दाच्या बंदरात नोकरीला होता, सुट्टीला घरी यायचा.

त्या घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. खाली दोन खलबत्ते होते. पितळी खलबत्ता उम्म मिस्फरचा, त्यात ती कॉफी आणि वेलदोडे कुटायची, आणि कुटताना मुद्दाम कडेला बत्ता आपटून ताल धरायची. तो ताल ऐकला की शेजारच्या बायका समजायच्या, कॉफी होतेय, चला. दुसरा खलबत्ता लाकडी, मागच्या अंगणातला, अबू मिस्फरचा. त्याला ताल नव्हता. दब, दब, दब, आणि मधे बराच वेळ काही नाही. त्यात ते बारूद कुटायचे. आई वरून खिडकी लावून घ्यायची. आज मुलाच्या रियाधच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितेय तर आवाज येतो तो फक्त एसीचा. नातीला विचारलं, तुला घरातले कुठले आवाज आवडतात गं, तर म्हणाली, "आजी, house में क्या sound होता है?" तिचंही खरंच आहे.

बारूद कशाला, तर तआशीरसाठी. हा तिकडच्या पुरुषांचा नाच. लग्नात, सणाला रांग धरून उभे राहतात, एकेक जण लांब नळीची जुनी बंदूक घेऊन छोट्या पावलांनी धावत पुढे येतो, नळी जमिनीकडे धरून गुडघे पोटाशी घेत उंच उडी मारतो आणि हवेत असतानाच पायाखाली बार काढतो. बंदुकीत गोळी नसते, नुसती बारूद असते. पायाखाली जाळ, जाळावर माणूस, आणि मग धूर. अबू मिस्फर त्यातले नावाजलेले. साठी उलटली होती, दाढी मेंदीने लाल केलेली, एरवी जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवायचे. पण बंदूक हातात आली की ते गुडघे कुणा दुसऱ्याचेच व्हायचे.

बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, गजाने ठासायची, मागे छोटी तांब्याची केप बसवायची आणि चाप ओढायचा. बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना भरून आलं होतं. गावी त्यांच्या काकांकडे अशीच बंदूक होती, रानडुकरांसाठी, लायसन्सची. काका बार काढायचे आणि लहानपणी बाबा धुरात उभे राहून वास घ्यायचे. उडवून झाल्यावर अबू मिस्फर अंगणात बसून उकळत्या पाण्याने नळी धुवायचे, तेव्हा काळं पाणी निघायचं आणि नासक्या अंड्यासारखा वास वरपर्यंत यायचा. बाबा खाली जाऊन पाणी ओतायला मदत करायचे. दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम यायची. पण त्या वासात ते तासन् तास सुखाने बसत.

मग हिवाळ्यात ते झालं. अंगणात चटईवर बारूद वाळत घातली होती, कुठून ठिणगी आली कुणाला कळलं नाही. एक मोठा भप्प असा आवाज झाला आणि नूरा किंचाळली. आई कणीक भिजवत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी धावली. अबू मिस्फरचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. आईने तो नळाखाली धरला आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी मध आणला, तिने सगळ्यांना मराठीत हाकललं. पुढे तो सगळा हिवाळा, ड्युटीवरून आली की चहाच्या आधी ती खाली जायची आणि हात धुऊन पट्टी बदलायची. उम्म मिस्फर शेजारी बसलेली असायची. अबू मिस्फर हूं की चूं करायचे नाहीत, छताकडे बघत राहायचे. आईला त्याचाच राग यायचा. "दुखतंय तर ओरडा की हो एकदा!" ती मराठीत म्हणायची. ते मान डोलवायचे.

शेवटची पट्टी सुटली तेव्हा मी तिथेच होते. नवी कातडी गुलाबी आणि पातळ होती. आईने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तिच्या वॉर्डातल्या हिंदी-अरबीत म्हणाली, "ये हाथ बारूद को नहीं लगेगा. कभी नहीं. खलास. वादा?"

अबू मिस्फरनी डाव्या हाताचं बोट नाकाच्या शेंड्याला लावलं. "अला खश्मी, या सिस्टर."

माझ्या नाकावर, सिस्टरबाई, असा त्याचा अर्थ. तिकडे नाक म्हणजे इज्जत, आणि त्यावर दिलेला शब्द मोडत नाहीत. आई खूश होऊन वर आली. बाबा एवढंच म्हणाले, "अगं, त्यांच्या पोराचं लग्न आहे उन्हाळ्यात."

ते आईच्या ध्यानात नव्हतं. मिस्फरचं लग्न ठरलेलं होतं, आणि मुलाच्या लग्नात बापाने पहिली उडी मारायची हा त्यांचा रिवाज. बाप हयात, पाय धड, आणि उडी नाही, हे कुणी ऐकलेलं नव्हतं.

यावर तोड मिस्फरनेच काढली. त्याने जेद्दाच्या एका दुकानदाराकडून परदेशी डबा आणला. आत राखाडी, एकसारखे दाणे. "ही बारूदच नाही, युबा," तो बापाला म्हणाला. "बारुदीच्या ऐवजी वापरायची वस्तू आहे. तुमचा शब्द मोडत नाही." धूर कमी, काजळी कमी, आणि मुख्य म्हणजे सहज पेट घेत नाही. आईने डबा वर मागवून घेतला, वाचला, आणि तिला तो इतका आवडला की जणू तिनेच शोध लावला होता. हॉस्पिटलात सुद्धा सांगून आली.

शुक्रवारी दोन गाड्या करून आम्ही सगळे शफाच्या डोंगरावर गेलो. उम्म मिस्फरने सलीग केलं होतं, म्हणजे दुधात शिजवलेला मऊ भात आणि वर कोंबडी. आईने सोबत लसणाची चटणी घेतली होती, कारण तिच्या मते तो आजाऱ्याचा भात. उम्म मिस्फर ती चटणी खाऊन डोळे पुसायची आणि पुन्हा हात पुढे करायची. जेवणं झाल्यावर पुरुष जरा लांब ओढ्यात उतरले. अबू मिस्फरचा चुलतभाऊ आपली बंदूक आणि घरी कुटलेली बारूद घेऊन आला होता. त्याने पहिला बार काढला. तो आवाज कानात नाही, छातीत येतो. समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला, आणि पांढरा धूर झाडांत रेंगाळत राहिला. बाबा डोळे मिटून उभे होते. मग अबू मिस्फरनी डब्यातली भरून बार काढला. आवाज झाला, पण कोरडा. धूर लगेच गेला, वास जवळजवळ नाहीच. चुलतभाऊ शेवटी म्हणाला, "ही खोकते." सगळे हसले, अबू मिस्फरसुद्धा, पण त्यांनी बंदूक जरा जास्तच वेळ पुसली.

बाबांचं लक्ष मात्र आवाजाकडे नव्हतं. परत येताना गाडीत ते आईला म्हणाले, "तू ऐकलंस का? आधी केप वाजली. टक्. मग मधे जागा. मग धूम. कुटलेलीत टक् आणि धूम एकच असतं."

"असेना. लवकर पेटत नाही हाच तर तिचा गुण."

"जमिनीवर उभं राहिलं तर गुण. तो माणूस हवेत असणार आहे."

"तुम्हाला तुमच्या काकांचा वास हवाय," आई म्हणाली. "मला वॉर्डातली पोरं दिसतात. शेगडीवर पडलेली, फटाक्याने भाजलेली. तुम्ही फोटो काढून मोकळे होता, धुवायला मला लागतं."

"हात वाचवशील आणि पाय घालवशील तू त्यांचे."

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. मी कुठल्या पक्षात होते? सकाळी आईच्या, संध्याकाळी बाबांच्या. मला दोघंही खरे वाटायचे, आणि आज साठीला टेकल्यावरही तेच वाटतं. कोण बरोबर याचा निकाल लागला म्हणून मला ही गोष्ट आठवत नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात अबू मिस्फरनी अंगणात सराव सुरू केला. आई भाजी निवडत खिडकीशी बसली होती, मी शेजारी. ते धावत आले, उडी मारली, केप वाजलेली आम्हाला वरून ऐकू आली. ते खाली आले, दोन्ही पाय जमिनीला टेकले, आणि मग बंदूक उडाली. पायांच्या मधली माती उसळली. धूर कमी असल्यामुळे सगळं लख्ख दिसलं. झग्याच्या खालच्या कडेला मोठं भोक पडलं होतं आणि कडा धुमसत होती. अबू मिस्फरनी ती हाताने विझवली, त्याच गुलाबी हाताने, आणि हसून नूराला दुसरा झगा आणायला सांगितलं. "मी जरा उंच उडेन," ते मिस्फरला म्हणाले.

आईने भाजी तशीच टाकली आणि खाली गेली. मी मागोमाग. तिने त्यांना अंगणातच गाठलं. "अबू मिस्फर, वादा वापस. मैं वापस लेती हूं. तुम पुराना बारूद भरो."

ते हात पुढे करून म्हणाले, "या सिस्टर, ही कातडी तू दिलीस. ती परत घेशील?"

"नहीं."

"मग शब्द कसा परत घेशील?"

आईने सुचवलं, कुटलेली दुसऱ्या कुणी भरून द्यावी, म्हणजे त्यांचा हात तिला लागणार नाही. मिस्फरने, चुलतभावाने. यावर अंगणातले सगळेच पुरुष नाही म्हणाले. तआशीरमध्ये ज्याची उडी त्याचीच भरणी. दुसऱ्या पुरुषाने भरलेली बंदूक कुणी पायाखाली धरत नाही, कारण काही बरंवाईट झालं तर ते भरणाऱ्याच्या डोक्यावर येतं आणि भावाभावांत पिढ्यान् पिढ्या वैर राहतं. तेव्हा डब्यातलीच. तेव्हा उंच उडी. साठीच्या गुडघ्यांनी.

दोन दिवस आई धड जेवली नाही. बाबा विजयी पक्षाचे होते, पण त्यांचंही ताट तसंच राहायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी उम्म मिस्फर कॉफीची किटली आणि खजूर घेऊन वर आली. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "दुसऱ्या पुरुषाने भरायची नाही असा रिवाज आहे. बाईबद्दल कुणी काही बोललेलं नाही."

"मग तू भर," आई म्हणाली.

"मी? मी भरली तर तो म्हणेल, हिने मुद्दाम कमी भरली." तिने खजूर आईपुढे सरकवले. "आणि मी भरेनही कमीच. मला त्याचे पाय हवेत. तू भर. तो हात तुझ्या हाताला ओळखतो. मी त्याला विचारून आले आहे."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, सिस्टर नाही म्हणेल."

आईचा चेहरा मी पाहत होते. तिने आयुष्यात कधी फुलबाजीसुद्धा पेटवली नव्हती. गावी दिवाळीत ती बादलीभर पाणी घेऊन दारात उभी राहायची. ती उठली, कप विसळले, पालथे घातले, पुसले, परत विसळले. "अहो," ती आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, "ते ठासतात कसं, मला दाखवा."

पुढचे दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात जे चाललं ते कुणी बाहेरच्याने पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. बाबा नळाच्या प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा धरून उभे, आई त्यात रवा ओततेय आणि लाटण्याने ठासतेय. "तोंड नळीवर नेऊ नकोस. बाजूला हो. आपटू नकोस, दाब." "कळतंय मला, इंजेक्शनं देते मी." "मग दे ना हलक्या हाताने." दोन्ही पक्ष एकाच ओट्याशी, सगळीकडे रवा. मी तो झाडून काढला, आणि मग त्याचाच उपमा झाला. बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं पोटभर जेवलो.

लग्नाच्या दिवशी आईने मोरपंखी रेशमी साडी नेसली होती. दुपारची नमाज झाल्यावर उम्म मिस्फरने बायकांच्या बाजूच्या आतल्या अंगणात बंदूक आणली. आईने सांगितलं, आधी सगळा जाळ विझवा. लग्नाच्या घरात कॉफीची चूल विझवायची हे ऐकून म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या, पण उम्म मिस्फरने स्वतः निखाऱ्यांवर पाणी ओतलं. आईने बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या, हात धुतले, कोरडे केले. अबू मिस्फर दारात आले, बायकांकडे पाठ करून उभे राहिले, नळीचं तोंड वर धरून. चुलतभावाकडून आणलेली काळी बारूद शिंगाच्या मापात होती. आई ओतायला लागली. तिचा हात अजिबात हलला नाही, माझ्या हातातल्या बांगड्या मात्र वाजत होत्या.

"ज़ीदी, या सिस्टर," अबू मिस्फर न वळता म्हणाले. अजून घाल.

"खलास," आई म्हणाली, आणि गज घातला.

त्यांनी हुज्जत घातली नाही. केप मात्र त्यांनी बाहेर जाऊन स्वतः बसवली.

आम्ही बायका गच्चीवर गेलो. खाली पुरुषांची रांग, ढोल, उन्हं कललेली. बाबा कडेला उभे होते आणि वर आईला शोधत होते. अबू मिस्फर रांगेतून निघाले. छोटी पावलं, बंदूक खाली, आणि मग ते वर गेले, गुडघे पोटाशी, लाल दाढी वाऱ्यावर. टक् ऐकूच आलं नाही. धूम झालं आणि जाळ दिसला आणि मग काही दिसेना. कुटलेल्या बारुदीचा धूर दाट असतो. त्या दिवशी वारा पडलेला होता. धूर तिथेच बसून राहिला, आणि त्यात माणूस होता, आणि तो उभा आहे की पडलाय ते कुणाला कळत नव्हतं. डब्यातली असती तर लगेच दिसलं असतं. आईने कठडा धरला होता. ती अगदी हळू, स्वतःशी म्हणत होती, "पाय दिसू देत. पाय दिसू देत."

पाय दिसले. आधी पाय, मग झगा, मग ते. दोन्ही पायांवर, सरळ. खाली आरडाओरडा झाला, गच्चीवर बायकांनी जिभा फिरवून तो आनंदाचा आवाज काढला, आणि माझी आई रेशमी साडीत गच्चीच्या धुळीत मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. उम्म मिस्फर तिच्या शेजारी बसली. तीही रडत होती. मला वाटतं, मी आईवर इतकं प्रेम त्याआधी केलं नव्हतं.

ती अबू मिस्फरची शेवटची उडी. पुढच्या वर्षी गुडघ्यांनीच नाही म्हटलं. मागे रियाधच्या एका मेळ्यात मी तआशीर पाहिला, ताइफची तरुण मुलं होती, छान उडत होती. नातीने कान झाकले. मी एका मुलाला अरबीत विचारलं, कुठली भरता, कुटलेली की डब्यातली? तो हसून म्हणाला, "आजी, तुम्हाला काय करायचंय?" धूर कमी होता, मी काय ते समजले.

उन्हाळ्याची सुट्टी अजून लागायची होती, त्यामुळे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळा होती आणि आईला ड्युटी. रात्री तिने हॉस्पिटलच्या साबणाने कितीदा तरी हात धुतले होते. तेल लावून ती माझ्या दोन वेण्या घालत होती, नेहमीसारखी घट्ट, डोळे ताणले जातील अशी. पण वास गेला नव्हता. तेलातून, साबणातून तो येत होता, गंधकाचा, जळका. "वास येतोय गं आई तुझ्या हातांना," मी म्हटलं. तिने रिबीन बांधली. मी शाळेत दिवसभर वेणीचं टोक नाकाशी धरून बसले, आणि घरी आल्यावर डोकं धुऊ दिलं नाही.